लाथेची स्प्रिंग

"स्प्रिंग मी आणतो," एवढंच मी म्हणालो. बायकोने तव्यावरची भाकरी उलटायची सोडून माझ्याकडे पाहिलं. तेव्हाच शब्द मागे घ्यायला हवा होता. पण आम्ही पाटबंधारे खात्यातले; एकदा सोडलेलं पाणी परत येत नसतं.

सुगंधा, म्हणजे माझी बायको, जळगावात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. ब्याण्णव साली धुळ्याला विज्ञान प्रदर्शन होतं. त्यासाठी तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा, सायकलचे बेअरिंग आणि जीपच्या वायपरची मोटार जोडून एक रोबो केला होता. मोटार फिरली की एक सळई मागे खेचली जायची, मग सुटून पुढच्या चेंडूला लाथ मारायची आणि गोल व्हायचा. निदान तसं ठरलं होतं. सळईला लावलेला ट्यूबचा रबर ढिला पडला होता आणि प्रदर्शन चार दिवसांवर आलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले होते, "बाई, चेंडू गेला नाही, तर पुढच्या वर्षीपासून मुली रांगोळीच काढतील." सुगंधाने ते हसून ऐकलं होतं. ती तशी हसली की घरात मी हळू चालतो.

तर, स्प्रिंग. पहिल्या दिवशी मी ऑफिसातल्या सात बॉलपेनांच्या स्प्रिंगा आणल्या. (त्या दिवशी आमच्या सेक्शनने पेन्सिलीने काम केलं.) सातही एकत्र बांधल्या. लाथ बसली. चेंडू जरासा शहारला आणि होता तिथेच राहिला.

"जोर कमी पडतोय," सुगंधा म्हणाली.

"जोरच पाहिजे ना? बघच आता!"

मी इरेला पेटलो. दुसऱ्या दिवशी माझ्या लूनाच्या स्टँडची स्प्रिंग काढली. ती बसवताना सळईची लाथ बसून माझं एक नख चेंगरलं, पण मी हटलो नाही. बटण दाबलं. मोटार कण्हली, सळई कशीबशी मागे गेली, आणि सुटली ती अशी, की चेंडू भिंतीवर आपटून स्वयंपाकघरात शिरला आणि थेट कढीत पडला. अर्धी कढी माझ्या शर्टावर आली. रोबो उताणा पडला होता आणि मोटारीतून जळका वास येत होता.

सुगंधाने मोटारीला हात लावून पाहिलं. "दुसरी मोटार नाही आपल्याकडे," ती हळूच म्हणाली. "मोटारीला खेचता आली पाहिजे आणि चेंडूही गेला पाहिजे, अशी स्प्रिंग हवी. उद्या मीच जाते."

"नाही. मीच जाणार!" (अंगावर कढी असली की आवाजाला वजन राहत नाही, हे तेव्हा कळलं.)

तिसऱ्या दिवशी रजा टाकून, लूना स्टँडशिवाय पडल्यामुळे सायकलनेच, भंगार बाजार गाठला. रुपचंदभाऊ नावाचे मूळ शिंदखेड्याचे एक दुकानदार चहा पीत बसले होते.

"कसासाठे पाहिजे इस्प्रिंग?"

"लाथ मारायला."

"कोनले?"

"तसं नाही. बायकोने घरी एक यंत्र केलंय, ते लाथ मारतं. पण नीट बसत नाही. काल जोरात बसली तर हे बघा," मी काळं पडलेलं नख दाखवलं, "आणि कपड्यांचं वाटोळं झालं ते वेगळंच."

रुपचंदभाऊंनी कप खाली ठेवला. "बायकोनी करं? आनि इस्प्रिंग लेवाले तुम्हीच उनात?"

"मीच म्हणालो, मी आणतो म्हणून. शनिवारी धुळ्याला सगळ्यांसमोर मारायचीय."

"सगळासमोर!" त्यांचे डोळे पाणावले. उठून त्यांनी ढिगारा उपसला आणि जाळीच्या दाराला लावतात तशी एक लांब स्प्रिंग काढली. "हाई ली जा, भाऊ. सगळास्मा मऊ शे. जास्त लागनार नही."

पैसे घेतले नाहीत. उलट चहा पाजला. त्यांचा काय समज झाला होता, ते मला निम्म्या रस्त्यात कळलं. सायकल थांबवली, पण परत जाऊन सांगायचा धीर झाला नाही.

स्प्रिंग घेऊन मी घरी आलो. सुगंधाने तिला वजनं टांगून पाहिली, थोडी कापली, अडकवली. बटण दाबलं. मोटार न कण्हता फिरली आणि चेंडू टप्पकन गोलात गेला. पुन्हा दाबलं, पुन्हा गोल. पाचात चार वेळा! सुगंधा लहान मुलीसारख्या टाळ्या पिटायला लागली आणि मी, कारण नसताना, मिशीवरून हात फिरवला.

शनिवारी धुळ्याला जाताना एस.टी.त रोबो मांडीवर घेऊन मीच बसलो. परीक्षकांसमोर ओळीने तीन गोल झाले. दुसरा नंबर आला. मुख्याध्यापकांनी रांगोळीचा विषय काढला नाही. एका छायाचित्रकाराने आम्हा तिघांचा, म्हणजे सुगंधाचा, रोबोचा आणि माझा, फोटो घेतला.

मंगळवारी तो वर्तमानपत्रात आला. मी ऑफिसात सगळ्यांना गोळा करून मोठ्याने वाचून दाखवला: "आपण बनवलेल्या रोबोसह सौ. सुगंधाबाई. रोबो डावीकडे."

साहेबांनी चष्मा लावून फोटो निरखला. मग मीही निरखला.

बिस्किटांचा डबा उजवीकडे होता.