डॉरीनचं कॅनरी-खेचर

रविवारी डॉरीन चहाला येणार होती आणि हिल्डा पोकॉकला तिला एकही प्रश्न विचारायचा नव्हता. मुलाची, क्लाइव्हची, तशी सक्त ताकीद होती. बिचाऱ्याचं चाळिशी उलटली तरी लग्न जमत नव्हतं. मागच्या मुलीला हिल्डानं पहिला कप संपायच्या आत आजीच्या मधुमेहापासून वडिलांच्या पेन्शनपर्यंत सगळं विचारून घेतलं होतं. ती मुलगी विसरलेला कोट न्यायलाही परत आली नाही.

"आई, ती जे सांगेल ते ऐकायचं आणि 'छान' म्हणायचं. बास," क्लाइव्ह म्हणाला. हिल्डानं मोठ्या कष्टानं कबूल केलं.

शनिवारी सकाळी जिन्याखालचा फोन वाजला. डॉरीनच होती. "माझं कॅनरी-खेचर सोबत आणलं तर चालेल ना? एकटं राहिलं की खाणंपिणं टाकतं हो."

हिल्डाच्या जिभेवर ढीगभर प्रश्न आले. ते सगळे गिळून ती म्हणाली, "छान! आण की. आम्हाला खेचरं भारी आवडतात."

"कधीपासून?" तिचा नवरा स्टॅन पेपरमागून म्हणाला.

"तू गप्प बस. कॅनरी-खेचर म्हणजे काय असेल रे?"

"कॅनरी बेटांवरचं खेचर. दुसरं काय?"

"म्हणजे उन्हातलं जनावर! आपल्या डेव्हनच्या गारठ्यात मरायचं ते."

"क्लाइव्हला विचार ना."

"आणि त्यानं म्हणावं, झाली हिची सुरुवात?"

मग काय, दोघं कामाला लागली. परसातली शेड रिकामी झाली, गवत कापायचं यंत्र थेट पाहुण्यांच्या खोलीत गेलं. दूधवाल्याकडून पेंढा आला. खेचराला ऊब हवी म्हणून रॉकेलची शेगडी आणि हिल्डाच्या आईची रजई शेडमध्ये गेली. फाटक अरुंद पडेल म्हणून स्टॅननं कुंपणच काढलं, आणि कुंपण काढताना त्याचे लाडके डेलिया पायाखाली गेले. कुंपण खरं तर शेजारच्या टकेटसाहेबांचं होतं. ते खिडकीत उभे राहून सगळं बघत होते. शेवटी बाहेर येऊन म्हणाले, "हवा बरी आहे आज," आणि आत गेले.

रविवारी दारात एक चिमुकली गाडी थांबली. क्लाइव्ह उतरला, मागून डॉरीन उतरली. तिच्या हातात फडक्यानं झाकलेला पिंजरा होता. हिल्डा गाडीच्या मागे कुठे काही बांधलंय का ते बघत राहिली.

दिवाणखान्यात डॉरीननं फडकं काढलं. आत मूठभर पाखरू. "हे माझं खेचर. आई कॅनरी, बाप गोल्डफिंच. आमच्या यॉर्कशरच्या खाणवस्तीत असल्या मिश्र पाखराला खेचरच म्हणतात."

"छान," हिल्डा क्षीण आवाजात म्हणाली. स्टॅन खिडकीतून डेलियांकडे बघत होता.

डॉरीनचंही लक्ष तिकडे गेलं. मोडलं कुंपण, पेंढा, शेगडी, रजई, बादलीभर गाजरं. चहाचा घोट घेत ती म्हणाली, "मिसेस पोकॉक, राग मानू नका, पण परसात कोण राहायला येणार आहे?"

"तुझं खेचर," हिल्डा म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

डॉरीन इतकी हसली की तिच्या नाकातून चहा आला. "अहो, मग विचारायचं की मला!"

"बंदी आहे मला. मी विचारलं की मुली पळतात."

"आमच्याकडे न विचारणाऱ्याला शिष्ट म्हणतात. मीच विचारते. तुमच्या या गुणी मुलानं अजून लग्न का नाही केलं?"

क्लाइव्ह कानापर्यंत लाल झाला. "कुणी... तसं विचारलंच नाही," तो पुटपुटला.

"बरं, मग मी विचारते. माझ्याशी करशील?"

क्लाइव्हनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. पाखरू टकामका बघत होतं. हिल्डानं दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती, पण शेवटी तिला राहवलं नाही.

"अरे हो म्हण की, मेल्या!"

हा काही प्रश्न नव्हता. त्यामुळे तिनं शब्द मोडला असं कुणालाही म्हणता आलं नाही.