कॅरोवेलची फेरीबोट

कॅरोवेल बेटाचं सांडपाणी नेमकं कुठे सोडायचं, या विचाराने ग्लेनिस बरिज आठवडाभर हैराण होती. उत्तरेला सोडावं तर ओहोटीबरोबर सगळी घाण बंदरात परत येणार. दक्षिणेला सोडावं तर ड्रॅगनांच्या पिल्लांचं काय?

"कुठेही सोड," टोस्टवर लोणी फासत तिचा नवरा डेस म्हणाला. "मुळात बेट तरी कुठे आहे?"

"याच वृत्तीमुळे लोकांच्या कादंबऱ्या फसतात, डेस!"

टास्मानियाच्या दक्षिण टोकाला, टिलरी खाडीच्या शाळेत ग्लेनिसने उभी हयात भूगोल शिकवला होता. निवृत्त झाल्यावर तिने अद्भुत कादंबरी लिहायला घेतली. लिहायला घेतली म्हणजे आधी तिच्यातलं जग उभं करायला घेतलं. कॅरोवेलचे वारे, समुद्राचे प्रवाह, मिठावरचा कर, मयताच्या घरी कुठलं सूप न्यायचं, सगळं ठरलं होतं. कादंबरी तेवढी राहिली होती.

"बाई गं," लेखनमंडळातली तिची मैत्रीण नोरीन म्हणायची, "घर बांधलंस, रंग दिलास, पडदेसुद्धा लावलेस. आता कुणी राहायला येणार आहे की नाही?"

हे ग्लेनिसला फार झोंबायचं, कारण ते खरं होतं. तिला माणसं सुचतच नव्हती. शाळेतसुद्धा तिला नद्यांची नावं पाठ असत, मुलांची नसत.

मंडळाच्या बैठकीत दाखवायला तिने बेटाचा रंगीत नकाशा काढला आणि छापायला नोरीनकडे पाठवला. गावातला एकुलता एक मोठा प्रिंटर नोरीनच्या पर्यटन माहिती केंद्रात होता. नेमका त्याच दिवशी नोरीनचा गुडघा आखडला आणि तिच्या खुर्चीत क्लाइव्ह येऊन बसला. हा गृहस्थ ॲडलेडहून नुकताच गावात राहायला आलेला, कामात अतिशय चोख.

क्लाइव्हने नकाशा पाहिला. फेरीबोटीच्या वेळा भरती-ओहोटीप्रमाणे दिलेल्या. कड्यावर चहाघर. खाली सूचना : 'ड्रॅगनांचा विणीचा हंगाम. कुत्री आणू नयेत.' आता, टिलरीच्या समुद्रात सी-ड्रॅगन नावाचे मासे असतातच, धक्क्यावर त्यांच्या चित्राची पाटीदेखील आहे. शंका यायला जागाच नव्हती. क्लाइव्हने गठ्ठाभर नकाशे छापले आणि दाराशी पर्यटकांच्या हाताला येतील असे मांडून ठेवले.

शनिवारी सकाळी डेस धक्क्यावर आपली 'पेगी' नावाची बोट धूत होता. तेवढ्यात डबे, दुर्बिणी आणि टोप्या घेऊन दहा-बारा माणसं येऊन उभी राहिली.

"कॅरोवेलला जाणारी बोट हीच ना?" नारिंगी रेनकोट घातलेल्या एका धिप्पाड बाईने विचारलं.

"कुठं जाणारी?"

बाईने नकाशा त्याच्या नाकासमोर धरला. बायकोचं अक्षर डेसने लगेच ओळखलं. पण नकाशातली फेरीबोट दिसली तेव्हा त्याने एकदा नकाशाकडे आणि एकदा आपल्या बोटीकडे पाहिलं. ग्लेनिसला कुठली तरी बोट काढायची होती, म्हणून तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी काढली होती. वर 'पेगी' हे नावसुद्धा.

त्याने फोन लावला. "ग्लेनिस, तुझ्या देशात पाहुणे आलेत. पळत ये."

ग्लेनिस आली ती सगळ्यांची माफी मागायच्या तयारीनेच. पण ती तोंड उघडणार तोच नारिंगी बाईने तिचे दोन्ही हात धरले. "मी वॅल. हा माझा नवरा एर्न. अहो, हा कधी म्हणून घराबाहेर पडत नाही. पण तुमचा नकाशा बघितला आणि स्वतःहून म्हणाला, चल, जाऊ या! मी तर अजून चिमटे काढून बघतेय."

शेजारी उभ्या असलेल्या किडकिडीत एर्नने लाजून मान हलवली. ग्लेनिसने माफी तूर्त लांबणीवर टाकली.

"चढा सगळे," डेस म्हणाला.

"डेस!"

"अगं, बेट नसेल, समुद्र तर आहे ना?" तो तिच्या कानात पुटपुटला. "सील दाखवू आणि परत आणू."

सील दिसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग बेटाची चौकशी सुरू केली.

"धुक्यात आहे," डेसने ठोकून दिलं. आभाळ घासलेल्या भांड्यासारखं लख्ख होतं.

वॅलने नकाशा फिरवून फिरवून पाहिला. "या हिशेबाने," ती म्हणाली, "आपण आत्ता चहाघरात उभे आहोत."

त्याच क्षणी बोटीच्या पंख्यात शेवाळाचे दोर गुरफटले आणि इंजिन बंद पडलं. डेस सुरी घेऊन मागच्या कडेला पालथा पडून ते कापू लागला. आता पळायलाही वाट नव्हती. ग्लेनिसने डोळे मिटले आणि सांगून टाकलं, "बेट नाही. मी ते रचलंय. कादंबरीसाठी."

"रचलंय?" मागून कुणीतरी ओरडलं. "अहो, यात गटारंसुद्धा आहेत! थापा मारायच्या तर इतकी मेहनत कशाला?"

एकच गलका झाला. तेवढ्यात एर्नचा बारीक आवाज आला. "पण ते चहाघर चालवतं कोण?"

"ते समुद्रापासून बरंच उंच आहे," ग्लेनिस अडखळत म्हणाली, "पश्चिमेचा वारा अडावा म्हणून..."

"ते नाही हो. चालवतं कोण?"

ग्लेनिसने इकडेतिकडे पाहिलं. समोर वॅल कमरेवर हात ठेवून उभी होती.

"एक बाई," ग्लेनिस म्हणाली. "धिप्पाड. कायम नारिंगी रेनकोट घालते."

"उन्हातही?" वॅलने दटावून विचारलं.

"उन्हातही. तिचा नवरा होडी घेऊन गेलाय तो परतलेला नाही. येताना त्याला लांबून ती दिसावी म्हणून."

वॅल हळूच खाली बसली. "मग?"

मग ग्लेनिसला थांबताच येईना. बाईचे केक पळवणारा म्हातारा ड्रॅगन आला, त्याला झाडूने बडवणारी बाई आली, मिठाचा कर चुकवणारी तिची सासू आली. लोकांनी डबे उघडले, सँडविच हातोहात फिरले. डेसचं शेवाळ कधीच कापून झालं होतं, पण सासू पकडली जाते की काय हे कळल्याशिवाय इंजिन चालू करायला तो तयार नव्हता.

शेवटी वारा वाढला आणि परतावं लागलं. धक्का आला तेव्हा गोष्टीतलं चहाघराचं दार कुणीतरी नुकतंच ठोठावलं होतं.

"कोण होतं दारात?" वॅलने विचारलं. "नवराच ना?"

"मला अजून माहीत नाही," ग्लेनिस म्हणाली, आणि हे सांगताना तिला कधी नव्हे इतका आनंद झाला.

"मग शोधून ठेवा. पुढच्या शनिवारी येतोय आम्ही," असं बजावून वॅल गाडीकडे निघाली.

एर्न मात्र मागे रेंगाळला. बायको लांब गेली आहे याची खात्री करून तो ग्लेनिसजवळ सरकला.

"त्याला परत आणा हं," तो हळूच म्हणाला. "पण लगेच नको. वाट बघताना ती फार छान दिसते."