फेलेतीच्या गाडीतलं आमेन

"इंजिन हे गाडीचं पोट, चाकं हे गाडीचे पाय, पण गाडीचा आत्मा वसतो तो तिच्या स्पीकरमध्ये," फेलेतीने कावा या मुळीच्या पेयाच्या बैठकीत जाहीर केलं. वडीलधारी डोकी गंभीरपणे हलली.

"तुझ्या आत्म्यातून काल झुरळ निघालं," सेमिसी म्हणाला.

ते खरंच होतं. फेलेतीची व्हॅन जुनी झाली होती आणि तिचे स्पीकर तर त्याआधीच गेले होते. पण फोउई गावच्या चर्चचा गायकवृंद वार्षिक स्पर्धेला अकरा वर्षं याच व्हॅनमधून जात होता. वाटेत कॅसेट लावायची आणि तिच्याबरोबर स्तोत्र घोळवायचं, अशी रीत. गायकवृंदाचा सारथी म्हणजे गावात पाद्रीखालोखाल मान. सेमिसीने नवी गाडी घेतल्यापासून त्याचा डोळा या मानावर होता.

वृंदाच्या प्रमुख, पाद्रीणबाई मेलेनाइते, यांनीही फेलेतीला बजावलं होतं, "या शनिवारी स्तोत्राचे शब्द ऐकू आले नाहीत, तर पुढच्या वर्षीपासून सेमिसीची गाडी."

फेलेतीने व्हॅनच्या दारातल्या भोकाचं माप घेतलं ते कावा पिण्याच्या करवंटीने. करवंटी चपखल बसली. तीच घेऊन तो शहरातल्या दुकानात गेला.

"माप इंचात सांगतात लोक," दुकानदार म्हणाला.

"लोकांची करवंटी वेगळी असेल."

दुकानदाराने दोन जोड पुढे ठेवले. पहिला लावला, तेव्हा काउंटरवरचे खिळे नाचायला लागले. हाच जोड सेमिसीकडे होता. फेलेतीचा हात तिकडे वळलाही. दुसरा जोड वाजला, तेव्हा गाणाऱ्याने मध्ये घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

"बोल बाबा, धडधड पाहिजे की शब्द?"

पाद्रीणबाईंचा चेहरा आठवून फेलेती म्हणाला, "शब्द. एकेक अक्षर कळलं पाहिजे."

शनिवारी चर्चच्या पोशाखाप्रमाणे कमरेला नव्या चटया बांधून पाद्रीणबाई आणि चौदा गायक व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसले. फेलेतीच्या बरोबर मागे त्याची थोरली बहीण लुपे. कॅसेट लागली. स्तोत्राचा शब्द न् शब्द मोत्यासारखा ओघळला. पाद्रीणबाईंनी डोळे मिटले. फेलेतीची मान दोन इंच ताठ झाली.

स्तोत्र संपलं. त्यानंतर कॅसेटवर नेहमी एक लांबलचक घरघर यायची. अकरा वर्षं सगळे तिला आमेन समजत आले होते. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी माना खाली घातल्या.

आणि आमेनला शब्द फुटले. "ये गं, खिडकीची कडी काढ, तुझ्या गजऱ्याचा वास माझ्या उशीला..."

आवाज फेलेतीचा होता. लग्नाआधी बायकोच्या, वाइओलाच्या, खिडकीखाली गायलेलं गाणं. त्याच कॅसेटवर नंतर वरून स्तोत्र भरलं होतं, पण स्तोत्र आखूड निघालं होतं.

व्हॅनमध्ये कोणी हललं नाही. बहिणीच्या देखत भावाच्या कानावर प्रेमाचं अक्षर पडणं म्हणजे दोघांनी एकदमच जमिनीत जावं असा प्रसंग. त्यात चुलत, मामे, आत्ये सगळ्या बहिणीच. आणि फोउईच्या गायकवृंदात बहीणभावांखेरीज होतं कोण? पुरुष खिडकीतून नारळ मोजू लागले. लुपे स्वतःच्या नखांकडे बघत राहिली. फेलेतीने टेपचं बटण फिरवलं. ते त्याच्या हातात आलं. गाणं उशीवरून पांघरुणाकडे सरकलं.

त्याने किल्ली फिरवून गाडीच बंद केली.

"फेलेती," पाद्रीणबाई शांतपणे म्हणाल्या, "दहाला आपलं नाव पुकारतील."

एकदा बंद झालेली ही गाडी धक्क्याशिवाय कधी सुरू झालेली नव्हती. सात पुरुष चटया सावरत उतरले, धापा टाकत त्यांनी ती ढकलली. इंजिन लागलं आणि गाणं जिथे तुटलं होतं, नेमकं तिथूनच पुढे निघालं. पांघरुणापासून.

"मी चालत येतो," जाड आवाजाचे पाउला काका म्हणाले. "पाय मोकळे होतील."

बाकीच्या सहांचेही पाय अचानक आखडले. फेलेती स्टिअरिंग धरून घामाने निथळत होता. मागे बसलेली बहीण काही बोलेना, तिला बोलता येईना, आणि यालाही वळून बघता येईना. शेवटी इंजिन तसंच धडधडत ठेवून तोही उतरला आणि रस्त्याकडेला पाठ करून उभा राहिला.

मागे दार उघडल्याचा आवाज आला, लागल्याचा आला, मग गिअर पडल्याचा. लुपेने गाडी हाकली.

"आत्मा निघाला रे तुझा," पाउला काका म्हणाले.

सातआठशे पावलांवर व्हॅन थांबली. तिथून पाद्रीणबाई एकट्याच चालत मागे आल्या. फेलेतीने कमरेची चटई सावरली. अकरा वर्षांचा मान, आणि तो घालवला तो स्वतःच्याच गळ्याने.

"स्पीकर उत्तम आहेत," बाई म्हणाल्या. "अक्षर न् अक्षर कळतं. पुढच्या वर्षीही तुझीच गाडी."

फेलेतीचे डोळे भरून आले. "बाई, मी ती कॅसेट आजच्या आज जाळतो..."

"ऐकून घे आधी. गाडीत फक्त बायका बसतील. गाडी लुपे चालवील. तुम्हा पुरुषांना न्यायला सेमिसी निघालाय, मी फोन केलाय त्याला."

 बाईंनी एकदा व्हॅनकडे पाहिलं. खिडक्यांतून सहा माना इकडे वळलेल्या होत्या. सातवी, लुपेची, मात्र निग्रहाने समोर. बाईंनी आवाज खाली आणला.

"आणि पुढचं ऐकायला ती कॅसेट उलटी कशी घालायची, तेवढं सांगून ठेव बाबा."