माणशी एक खुर्ची

पाहणीवाला दारात आला आणि इस्त्रीवालीची पंचाईत झाली. घरात खुर्ची एकच, आणि तीत नवरा बसलेला. दम्यामुळे त्याला आडवं होता येत नसे. झोपही तो बसूनच घेई. पण दारी आलेल्या माणसाला उभं कसं ठेवायचं? तिने धावत जाऊन शेजारच्या काकूंची खुर्ची आणली, फडक्याने पुसली आणि पाहुण्याला बसवलं. पाहुणा ऐसपैस बसला, पाणी प्यायला, आणि जाताना लिहून गेला : माणसं दोन, खुर्च्या दोन.

इथेच माशी शिंकली. गरीब कोणाला म्हणावं यावर सभागृहात बरीच डोकेफोड होऊन शेवटी व्याख्या ठरली होती : ज्या घरात माणशी एक खुर्ची, ते घर गरीब नाही. इस्त्रीवाली बसल्या जागी सुखवस्तू झाली आणि नवऱ्याचं फुकट मिळणारं औषध बंद झालं.

ती कचेरीत गेली. खुर्ची काकूंची आहे हो, म्हणून तिने परोपरीने सांगितलं.

"पण तुमच्या घरात होती ना?" कारकून म्हणाला. "बसता येत होतं ना?"

बसता येत होतं, हे तिला नाकारता येईना.

बातमी विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याच्या कानावर गेली. तो लवाजमा घेऊन तिचं दारिद्र्य बघायला आला. आता एवढ्या मंडळींना उभं ठेवायचं? सगळी आळी कामाला लागली आणि खुर्ची, स्टूल, ज्याच्या घरी जे होतं ते आलं. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला : पुढारी, इस्त्रीवाली आणि खोलीभर खुर्च्या. सत्ताधाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. "हीच का तुमची गरिबी?" म्हणून बाकं वाजली. स्टूल म्हणजे खुर्ची नव्हे, असा मुद्दा विरोधकांनी काढला. मग खुर्ची कशाला म्हणावं यासाठी समिती बसली. समितीला बसायला खुर्च्या होत्या.

इकडे नवऱ्याचा दमा वाढत गेला. औषध कधी उसनवारीवर येई, कधी येतच नसे. तरी त्याने थट्टा सोडली नाही. "तुझ्या पाहुणचारापायी सरकार पडेल बघ," तो धापा टाकत म्हणाला. ती हसली, आणि मग इस्त्रीच्या टेबलाकडे तोंड करून रडली.

समितीने अखेर न्याय दिला : उसनी खुर्ची धरू नये. कारकून स्वतः ही आनंदाची बातमी घेऊन आला. खोलीत एकच खुर्ची होती आणि ती रिकामी होती.

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग सवयीने तोंडातून निघून गेलं, "म्हणजे आता माणूस एक, खुर्ची एक." आणि त्याने जीभ चावली.

मागून काकू पुढे झाल्या. "मी नेते गं ती माझ्याकडे. खुर्चीच नाही म्हणून लिहू देत. गरिबांच्या यादीत तुझं नाव तरी लागेल."

इस्त्रीवालीने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. त्याने डोकं टेकून टेकून तिथला रंग गेला होता.

"राहू द्या काकू," ती म्हणाली. "लिहा साहेब, आम्ही गरीब नाही."

तिने कारकुनाला बसा म्हटलं नाही. त्या घरातून कोणी उभ्याउभ्या परत जाण्याची ती पहिलीच वेळ होती.