वाफेवरचं मीठ

नानासोंचं नाक म्हणजे वाडीची शान! लक्ष्मीआईच्या जत्रेला बकऱ्याच्या रश्श्याचं मोठं पातेलं चुलाणावर चढायचं. निवद दाखवायच्या आधी थेंबही तोंडाला लावायचा नाही, हा दंडक. मग मीठ बरोबर आहे की नाही, कळणार कसं? नानासो ऐटीत पुढं यायचे, वाफ हुंगायचे आणि हात वर करायचे. "बराबर हाय! लावा निवद!" तीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते.

आणि यंदा जत्रेला दोन महिने उरले असताना ते सांगलीत स्कूटरवरून डोक्यावर पडले. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं! जखम भरली, पण वास गेला तो गेलाच, जाताना चवही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला मार बसलाय. वासाची नस दुखावलीय. परत येईल, नाहीतर नाही." नानासोंनी घरी सांगितलं, "दोन टाकं पडलं, बाकी ठणठणीत!" खरं सांगितलं असतं तर पातेल्याचा मान चुलतभाऊ जोतीरामकडं गेला असता आणि यांच्या वाट्याला पत्रावळ्या मांडणं! त्यापेक्षा मेलेलं बरं.

तेव्हापासून त्यांना जो तो पाळतीवर असल्यासारखा दिसू लागला. बायको बनुबाईनं चहा पुढं केला की वाटायचं, हिनं मुद्दाम साखर घातली नसणार. सून क्रांतीनं "मामा, आमटी कशी झालीया?" विचारलं की ते दचकायचे.

"तुला कशी वाटतीया?"

"बरी हाय की."

"मग मलाबी बरीच!"

खरं तर त्यांना रडू यायचं. तव्यावरची गरम भाकरी पुठ्ठा चावल्यासारखी चावायची, हे दुःख सांगायचं तरी कुणाला?

जत्रेचा दिवस उजाडला. रस्सा रटरटू लागला. पातेलं ढवळणाऱ्या जोतीरामनं हाक मारली, "नाना, या! घ्या वाफ!"

नानासो वाकले. तोंड पोळलं, मिशी भिजली, पण वास? ना लसणाचा, ना मसाल्याचा! त्यांनी हळूच बाजूला बघितलं. जोतीराम मिशीत हसत होता. ह्याला कळलंय! ह्यानं मीठच घातलं नसणार! आपण 'बराबर' म्हणायचं आणि ह्यानं चारचौघांत उघडं पाडायचं!

"काय वो नाना, येवढा येळ?"

"मीठ कमी हाय!"

तीस वर्षांत हा शब्द कुणी ऐकला नव्हता. बनुबाई धावत आली. "आवं, थांबा! जरा हिकडं या बगू."

हीपण सामील! नानासोंनी मिठाच्या पिशवीत हात घातला आणि ओंजळभर मीठ ओतलं. एक नाही, चांगल्या तीन ओंजळी!

निवद झाला, पंगत बसली. पहिल्या घासालाच पंगत थबकली. पण नानासोंच्या नाकाला नाव कोण ठेवणार? शिरवळच्या कंपनीतून सुट्टी काढून आलेला पुतण्या सूरज "लय भारी" म्हणाला आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायला. बाकीचे कोरडी भाकरी चावत बसले.

ही शांतता नानासोंना लगेच खटकली. म्हणजे सगळे आपल्यालाच निरखतायत! मग दाखवूनच देऊ. त्यांनी वाटी तोंडाला लावून भुरका मारला. दुसरी घेतली. तिसरी मागून घेतली!

जोतीराम समोर येऊन उभा राहिला. "नाना, ह्यो रस्सा तुमी तीन वाट्या प्यालासा?"

"मग! चव हाय चव!"

"आवं, कुत्रंबी तोंड लावंना ह्याला!"

नानासोंनी वाटी खाली ठेवली. "मला कायबी कळत न्हाई रं गड्या. वास न्हाई, चव न्हाई. तू हासलास, मला वाटलं, तू मीठ घातलं न्हाईस."

"बकऱ्याच्या मुंडीचा वाटा मला ठरलाय म्हणून हासलो मी! आन मीठ मी कवा घालतो? ते वैनी घालत्यात."

नानासोंनी बायकोकडं बघितलं. बनुबाई म्हणाली, "तीस वर्सं मीच घालती. कांदा परततानाच, मुठीच्या अंदाजानं. तुमी हुंगायला येता तवा सगळं झालेलं असतंय."

"मग माझं नाक?"

"आवं, मिठाला वास असतुया व्हय?"

पंगतीत हशा पिकला. नानासोंची मान खाली गेली. जोतीरामनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मान तुमचाच, नाना. फुडल्या वर्सीबी तुमीच हुंगायचं. फकस्त हात मागं बांधून!"