नेत्रटोप घरोघरी न गेल्याची बखर

नमन त्या विधात्यास, ज्याने माणसास डोळे दोनच दिले आणि तेही उघडे दिले. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सरे, चैत्र शुद्ध प्रतिपदा, ते दिवशी हे लिहावयास घेतले. राज्याचे नाव कोणी पुसू नये, राजियाचेही पुसू नये. ज्यास ओळख पटेल त्याने मनातल्या मनात खेद करावा.

राज्य थोर, आणि राजा नव्या वस्तूंचा मोठा शौकीन. कोणे एके साली परमुलखीचे व्यापारी दरबारी आले आणि नेत्रटोप म्हणोन एक वस्तू त्यांनी नजर केली. काळी पेटी, ती डोळियांवर बसवावी, मागे पट्टा आवळावा, मग समोरचे जग नाहीसे होऊन पेटीतले जग दिसो लागे आणि समुद्राचा तळ दिसे आणि बर्फाचे डोंगर दिसत आणि दूरदेशीचा मनुष्य, त्यानेही आपले ठायी टोप चढविला असता, समोर येऊन बसे आणि बोले. महाराज पाहोन बहुत संतोष पावले आणि बोलिले, "हे साल नेत्रटोपाचे. वर्षाचे आत घरोघरी गेला पाहिजे." आणि कारखान्यावर दरोगा म्हणोन लिंगोपंतांस नेमिले आणि दवंडी पिटविली. मग साल सरले, टोप घरोघरी गेला नाही. मग पुढील पाडव्यास पुन्हा दवंडी पिटली की हे साल नेत्रटोपाचे. तेही सरले. मग ऐसा रिवाजच पडला की पाडव्यास गुढी उभारावी, कडुनिंब खावा आणि ही दवंडी ऐकावी, आणि लोक तिन्ही गोष्टी सारख्याच तोंडाने करीत.

लिंगोपंत गृहस्थ भला, त्यांस मानाची हाव नव्हती. त्यांची तळमळ वेगळी होती. एकुलता पुत्र त्र्यंबक सातासमुद्रापार चाकरीस गेला तो तिकडचाच जाहला, आणि घरी कुटुंब चिमाबाई त्याची वाट पाहत झुरत होती. हातातले काचेत पुत्राचे तोंड रोज दिसे, परंतु बाई म्हणत, "काचेत दिसतो तो तळहाताएवढा. मला तो समोर बसलेला हवा, मांडी घालून, जेवायला बसतो तसा. एवढं एकदा दाखवा, मग माझं काही मागणं नाही." पंतांनी पुत्रास बहुत विनविले. पुत्र बोलिला, "बाबा, इथं तो टोप कोणी घालत नाही हो. मान अवघडते आणि बायकापोरं हसतात. सगळे घालायला लागले की मीही घालीन." हे शब्द पंतांनी काळजात धरिले आणि त्या दिवसापासोन त्यांची ऐसी समजूत जाहली की आधी सगळ्या जगाने टोप घालावा, तेव्हा आपला पोर आपले घरी येईल. बाप माणूस किती वेडा असावा याचा काही ठाव नाही.

मग पंत गावोगाव हिंडले आणि लोकांचे डोकीवर आपले हाते टोप चढविले. लोक पाहत, तोंडभर वाखाणणी करीत आणि काढोन ठेवीत. कोणास भोवळ आली, कोणी ओकले. सरदार येसाजी कोल्हे यांस टोपात वाघ दिसला, त्यांनी काठी हाणिली ती दफ्तरदारांचे दातांवर बसली. एका बाईने टोपात लसूण ठेविला, हवा खेळती राहते म्हणोन. गाडीवान त्यास झापड म्हणो लागले, घाण्याचे बैलास बांधतात ती, आणि तेच नाव सर्वतोमुखी जाहले. पंतांनी पुसावे, "का हो, घालीत का नाही?" तो लोक म्हणत, "छान आहे की! घालू सवडीनं." आणि सवड कोणास कधी जाहली नाही.

मग एके पाडव्यास महाराजांनी फर्माविले की, आधी दरबाराने घालावा, म्हणजे रयत घालील. समस्त सरदार, मुत्सद्दी, मानकरी जमले आणि टोप वाटिले. परंतु पगडीवर टोप बसेना. मग महाराजांनी आपला मंदिल उतरोन बाजूस ठेविला, ते पाहोन सर्वांनी पगड्या उतरिल्या आणि टोप चढवोन स्वस्थ बसले. आता या राज्याचा दंडक ऐसा की दरबारी बोडके डोके एकाच प्रसंगी दिसावे, राजा निवर्तला तरच. दारावरचे हवालदाराने फटीतून आत पाहिले, तो अवघा दरबार बोडका, माना खाली, कोणी बोलेना. त्याने तेथेच हंबरडा फोडिला. निशाण उतरले, नौबत बंद जाहली, बाजाराने फळ्या लाविल्या, आणि शेजारील राज्याचा वकील पांढरे उपरणे घेवोन शोक सांगावयास आत येऊन उभा राहिला. महाराज तेसमयी समुद्रतळी मासे पाहत होते. बाहेर नगर रडत होते आणि राजासकट कोणास खबर नाही. बहुत वेळाने टोप काढिला तो समोर वकील डोळे पुसत उभा. त्याने महाराजांकडे पाहिले आणि तो थेट जमिनीवर पडला.

पंतांस वाटले, आता मस्तक जाते. परंतु महाराज इतकेच बोलिले, "पंत, पगडीवरून बसेल असा टोप करा."

"महाराज, वजन वाढेल."

"मग रयतेच्या माना बळकट करवा."

आणि खरोखर तालमींस हुकूम गेले की मानेचे जोर काढावे. राजास दोष कोणी दिला नाही आणि टोपासही दिला नाही, दोष मानेस दिला.

या धामधुमीत चिमाबाई अंथरुणास खिळल्या. वैद्याने पंतांस बाजूस नेवोन मान हालविली. तेव्हा पंतांनी पुत्रास निकराचे सांगितले की, "सगळं जग राहू दे, तू एकटा घाल." आणि पुत्राने, त्याचे कल्याण असो, टोप घातला. पंतांनी बाईंस उशीला टेकवोन बसविले, केस सारखे केले आणि टोप हलके हाते बांधिला. समोर त्र्यंबक आला. तोंड त्याचेच, आवाज त्याचाच. बाई हसल्या, आणि मग एकाएकी त्यांचा हात पंतांचे मनगटावर घट्ट बसला.

"अहो, पोराचे पाय कुठं गेले?"

कारागिरांनी टोपातले माणसास कमरेखाली काही केलेच नव्हते. पाय कठीण पडतात म्हणोन सोडोन दिले होते, आणि परमुलखी त्याविना कोणाचे अडत नसे. माणूस कंबरेपासोन अधांतरी तरंगे. त्र्यंबक बोलिला, "आई, थांब, आधी नमस्कार करतो," आणि वाकला, आणि पाहतो तो आईसही पाय नाहीत. डोके टेकावयास जागा सापडेना. तो वाकलेला तैसाच राहिला आणि त्याचे हात इकडे तिकडे चाचपडत राहिले. बाई कळवळून म्हणाल्या, "काढा हे. त्याला उभं करा कोणीतरी." पंतांनी टोप काढिला. बाईंनी भिंतीकडे तोंड केले, त्या पुन्हा टोपाविषयी बोलिल्या नाहीत.

पुढे थोडक्याच दिवसांत चिमाबाई वारल्या. पुत्रास निघोन येणे वेळेत होईना, सबब त्याने तिकडे टोप चढविला आणि इकडे पंतांनी चढविला. पंत बोडके होते, टोप सहज बसला. त्र्यंबक समोर येऊन रडो लागला. "बाबा, मला तिच्या पायांवर डोकं ठेवायचंय. कुठं आहेत पाय?" आता यास काय सांगावे? पंतांनी टोप काढोन हाती धरिला, अंगणात तिरडीपाशी गेले, गुडघे टेकिले आणि तो टोप चिमाबाईंचे पायांवर ठेविला आणि वरोन दोन्ही हातांनी धरोन राहिले. जमलेले लोक रडले. आणि तिकडे पुत्रास इतकेच दिसले की बापाचा आकार सावकाश खाली वाकला आणि जमिनीशी जावोन पडला, आणि आई कोठेच नाही. टोपातून बारीक आवाज येत राहिला, "बाबा, तुम्ही खाली का? बाबा, पोचलो का मी?"

पंत पोचलास म्हणोन बोलिले. परंतु टोप त्यांचे मुखापाशी नव्हता, ते पलीकडे ऐकू गेले की नाही हे कोणी जाणत नाही.

सारांश, नेत्रटोप घरोघरी गेला नाही आणि जाईल ऐसे या लेखकास वाटत नाही. एका घरी गेला, त्याची हकीकत ही. कारागीर पाय करण्याचे उद्योगात आहेत. आज पाडवा, खाली चौकात दवंडी चालली आहे की हे साल नेत्रटोपाचे, आणि दवंडीपुढे पगडी घालोन लिंगोपंत चालत आहेत.