मामा परीक्षेला आत बसले

उत्तरेश्वरमामांनी हात लावलेला पोरगा नापास झाला, असं आजवर घडलं नव्हतं! लिंबागणेशला त्यांचं कापडाचं दुकान होतं. पण मार्च महिना लागला की दुकान बायकोवर सोपवून मामा शाळांच्या मागच्या भिंती धुंडाळत फिरायचे. कुठल्या केंद्राच्या खिडकीचा गज वाकतो, कुठला पाइप माणसाचं वजन पेलतो, कुठल्या लिंबाची फांदी थेट वर्गात जाते, सगळं तोंडपाठ! पैसा घेत नसत. कुणी चहा पाजला तरी खूश. ही समाजसेवा आहे, असं त्यांचं अगदी प्रामाणिक मत होतं.

मांजरसुंब्याला दिलेल्या बहिणीचा, गंगासागरअक्काचा केदारनाथ हा तर त्यांचा मानाचा तुरा. दहावीला त्याचा नंबर वरच्या मजल्यावर आला, तेव्हा मामांनी बोरं झोडायच्या काठीला चिमटा बांधून उत्तरं वर पोचवली. बारावीला बंदोबस्त कडक होता, तर मामा शेजारच्या घराच्या पत्र्यावर कुरडया वाळत घालायच्या निमित्ताने चढून बसले. पोरगा दोन्ही वेळेला पास झाला, आणि दोन्ही वेळेला पहिला पेढा मामांना मिळाला.

पुढे देशाची दारं उघडली. म्हणजे मांजरसुंब्याच्या ढाब्यांवर परदेशी थंड पेयं आली आणि बीडमध्ये कॉम्प्युटरचे क्लास निघाले. केदार त्यातल्याच एका क्लासात गेला आणि कॉम्प्युटर तारेने एकमेकांना कसे जोडायचे ते शिकला. त्याची एक परीक्षा असते, ती एक परदेशी कंपनी घेते, आणि पास झालेल्याला पुण्यात लगेच नोकरी लागते, असं कळल्यापासून पोराचं जेवणातलं लक्ष उडालं. वडिलांच्या किराणा दुकानात बसला की साखर मागणाऱ्याला मीठ बांधून द्यायचा. झोपेत इंग्रजी बोलायचा. अक्काने दोनदा दृष्ट काढली, उतार पडेना, तेव्हा तिने भावाला बोलावून घेतलं.

मामा ओसरीवर टेकले आणि सरळ मुद्द्यावर आले. केंद्र कुठंय, खिडक्या कोणत्या अंगाला आहेत, एवढंच त्यांना हवं होतं.

केदार खाली बघत म्हणाला, "मामा, ह्या बारीला तुमी यिऊ नका."

"कावून?"

"दहावीला तुमी होता, बारावीलाबी तुमीच होता. मला काई येतं का न्हाई, ह्येच मला अजून म्हाईत न्हाई. एकदा मलाच बघू द्या."

मामांच्या हातातला चहा तसाच राहिला. एवढी वर्षं पत्रे तुडवले, गुडघे फोडून घेतले, त्याचं हे फळ! वर अक्काने आणखी एक गोष्ट सांगितली. क्लासातल्या रवीने पुण्याहून त्याच परीक्षेचे खरे प्रश्न फ्लॉपीत भरून आणले होते, आणि केदारने ती फ्लॉपी हातातसुद्धा घेतली नव्हती. तेव्हा तर मामांना पोराच्या डोक्याचीच काळजी वाटायला लागली. तरी भाच्याचं तोंड बघून त्यांनी गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीवर हात ठेवला आणि शब्द दिला की एक अक्षरही पोचवणार नाही.

शब्द अक्षर न पोचवण्याचा होता. यायचं नाही, असं काही ते बोलले नव्हते! म्हणून परीक्षेच्या दिवशी केदार औरंगाबादच्या एसटीत पुढे बसला, तर मामा मागच्या बाकावर तोंडावर उपरणं घेऊन बसले.

केंद्राची इमारत बघून मामांचं अवसानच गळालं. नुसती काच! गज नाही, पाइप नाही, लिंबाचं झाड तर लांबच. खिडक्या उघडायची सोयच ठेवली नव्हती. खाली वॉचमन होता, तो आपल्याच जिल्ह्यातला, गेवराईकडचा, उमापूरचा निघाला, म्हणून मोकळा बोलला. पेपर अमेरिकेतून तारेने येतो. प्रत्येक पोराला वेगळा येतो. तपासतं मशीनच, आणि निकाल तिथल्या तिथे सांगतं.

"आन् मशीनला कुणाची वळख चालत न्हाई?" मामांनी विचारलं.

"देवाचीबी न्हाई."

मामांनी डोक्यावरची टोपी काढली. एवढ्या परीक्षा त्यांनी पालथ्या घातल्या होत्या, पण जिला कुठून हातच घालता येत नाही अशी परीक्षा पहिल्यांदाच बघितली. मनातल्या मनात त्यांनी तिला नमस्कार केला, आणि सरळ घरी जायचं ठरवलं.

पण पोराचं तोंड तरी एकदा बघावं! जिन्याच्या गॅलरीतून खोलीच्या मागच्या काचेपर्यंत एक अरुंद कट्टा गेला होता. मामांच्या पायांना असे कट्टे पाठ. ते भिंतीला पोट चिकटवून सरकत गेले आणि काचेला नाक लावलं. आत गारेगार हवेत केदार घामाघूम होऊन बसला होता. ते बघून मामांना भडभडून आलं, पाय घसरला, आणि हाताला जे लागलं ते त्यांनी धरलं. भिंतीवरून गेलेली निळी तार होती. तिने मामांना पाय पुन्हा कट्ट्यावर टेकेपर्यंत तोललं, आणि मग खिळ्यांसकट निघून हातात आली.

आतले सगळे कॉम्प्युटर एकदम थबकले. सगळ्यांनी माना वळवल्या, तर खिडकीबाहेर धोतर नेसलेले एक गृहस्थ हातात तार धरून उभे!

वॉचमनने मामांना गॅलरीतून आत ओढून घेतलं. केंद्राच्या मॅडम रागाने लाल झाल्या होत्या. हे कुणाचे कोण, असं त्यांनी विचारलं, तेव्हा केदारने डोळे मिटून "माझे मामा" एवढंच सांगितलं. मग मॅडमनी हळू आवाजात समजावलं की असे साथीदार आणणाऱ्याचं नाव कंपनीला कळवावं लागतं, आणि त्याला ही परीक्षा पुन्हा कधीच देता येत नाही. केदारचं तोंड पांढरं पडलं. दहावी-बारावीचे निकाल लागले तेव्हा त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं, हे मामांना आत्ता आठवलं.

त्यांनी मॅडमपुढे हात जोडले. "बाई, पोराला काई म्हाईत न्हाई. त्यानं मला यिऊ नका म्हणून बजावलं हुतं. नाव कळवायचं तर माझं कळवा."

मॅडमनी निकाल दिला: तार जोडून झाली की केदारने पुन्हा बसायचं. पेपर मात्र अख्खा नवा, पहिल्यापासून. आणि या गृहस्थांनी खोलीतच, माझ्या टेबलासमोर, दोन्ही हात टेबलावर ठेवून बसायचं!

केदारने अर्ध्याहून जास्त पेपर सोडवला होता. तो सगळा पाण्यात गेला. त्याने मान हलवली आणि जागेवर जाऊन बसला.

अशा रीतीने उत्तरेश्वरमामा जन्मात पहिल्यांदा परीक्षेला आत बसले. आजवर परीक्षा त्यांनी बाहेरूनच बघितली होती. बाहेर धावपळ असते, शिट्ट्या असतात, मजा असते. आत एवढी शांतता असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! केदार प्रश्न वाचायचा, थांबायचा, बोटाने हवेत काहीतरी जोडायचा, खोडायचा. एका प्रश्नाला तो फारच अडला. मामांचे हात टेबलावर शिवशिवायला लागले. सगळ्या जिल्ह्यातल्या भिंती चढलेला माणूस, आणि भाचा हाताच्या अंतरावर असून काही करता येईना! केदारने शर्टावरूनच गळ्यातल्या डबीला हात लावला, डोळे मिटले. मग उघडले, आणि बटण दाबलं.

ते बघून मामांच्या अंगावर काटा आला. कुणी सांगितलं नाही, कुणी फेकलं नाही, तरी उत्तर आलं कुठून? पोराच्या डोक्यातून आलं! असं उत्तर येताना मामांनी कधी बघितलं नव्हतं.

शेवटी मशीनने निकाल दाखवला. मॅडम उठून केदारच्या मागे गेल्या आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. केदारने खुर्चीतूनच मागे वळून बघितलं.

"मामा," तो म्हणाला, "मला येतंय."

मामांना रडू आवरेना. हात टेबलावरच ठेवायचे होते म्हणून डोळेही पुसता येईनात.

मग दोघं पोटभर जेवले आणि तिथेच घोटाळा झाला. तेवढ्या वेळात उमापूरच्या वॉचमनने सगळी हकिकत आधीच्या एसटीच्या कंडक्टरला ऐकवली होती. मांजरसुंब्याच्या फाट्यावर हे उतरले, तर निम्मं गाव हजर! मामांनी अमेरिकेची तार तोडून भाच्याला पास केलं, असं जो तो एकमेकांना सांगत होता. अक्काच्या मालकांनी, म्हणजे भीमाशंकरदाजींनी, सगळ्यांदेखत मामांनाच टॉवेल-टोपी दिली. केदार पिशवी धरून बाजूला उभा होता.

"दाजी, मी काई केलं न्हाई," मामा कळवळून सांगत होते. "म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय. त्याचं त्यानं सोडवलंय!"

लोक कौतुकाने हसले. एवढं करून माणूस किती साधा राहिलाय, असं म्हणाले. मामांनी लिंगाच्या डबीची शपथ घेतली, तर आणखीच हसले. केदारने मामांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला कळलं तेवढं बास, असं त्यांच्या कानात सांगितलं. पण मामांना ते बास वाटेना. पोराचा खरेपणा बघितलेला अख्ख्या जिल्ह्यात एकच माणूस होता, आणि नेमकं त्याचंच कुणी खरं मानेना!

तेवढ्यात मेंढरंवाला भागवत गर्दीतून पुढे आला. त्याच्या अंजूची यंदा दहावी होती. कोणती तार ओढायची तेवढी बघून ठेवा, म्हणाला.

मामा म्हणाले, "तिला एकटीला बसू द्या. येत आसंल तिला."

भागवत त्यांच्याकडे बघतच राहिला. मग शेजारच्याला म्हणाला, "परदेशी परीक्षा काय काढली, मामा आता लई भाव खायला लागले."